एकाच्या अलीकडे

दुसऱ्या पडताळणीच्या दिवशी शलाका शिरसाठ पुण्याच्या चाचणी न्यासातल्या बंद खोलीत शिरली, तेव्हा एक गोष्ट करायची नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. दादा कोणत्या गटात आहे, ते बघायचं नाही.

खोलीला खिडकी नव्हती. फोन बाहेर ठेवावा लागे. आत एक टेबल, एक पडदा आणि त्या पडद्यामागे 'निकष'. देशातल्या प्रत्येक नव्या औषधाचा निवाडा आता ही यंत्रणा करत असे. कोणत्या रुग्णाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला नुसतं मीठपाणी, हे फक्त निकषला ठाऊक असे, आणि दर चाचणीमागे एका माणसाला. त्या माणसाला निरीक्षक म्हणत. विलयिनच्या चाचणीची निरीक्षक शलाका होती.

विलयिन हे काचदम्यावरचं औषध. काचदमा हा शब्द डॉक्टरांचा नव्हे, धुळ्याच्या लोकांचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी देशभरच्या माळरानांवर जी सोलर पॅनेलं उभी राहिली, ती म्हातारी झाल्यावर मोडायला आली ती धुळ्याबाहेर, सुरत रस्त्याकडेच्या शेडांमध्ये. तिथे ती दळली जात. तोंडाला फडकी बांधून माणसं काम करत. पॅनेलच्या पाठीवरच्या जुन्या प्लास्टिकसकट दळलेली काच छातीत जाऊन काही वेगळंच करते, हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. फुप्फुसं आतून आवळत जात, उन्हात टाकलेल्या ओल्या चामड्यासारखी. उपाय नव्हता. मग कुणीतरी ते चिवट धागे सैल करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शोधलं. ते वाफेवाटे ओढायचं. उंदरांमध्ये ते चाललं. माणसांत चालतं का, हा प्रश्न होता.

सहाशे रुग्ण मिळाले. जवळजवळ सगळे धुळे, भुसावळ आणि सुरतेकडच्या शेडांमधले, एकमेकांच्या ओळखीचे. याहून जास्त रुग्ण देशात नव्हतेच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे अर्धे विलयिनकडे गेले, अर्धे मीठपाण्याकडे. बाटल्या सारख्या, रंग सारखा, वास सारखा.

आणि मग थांबायचं होतं. किती? इथेच ह्या शास्त्राची जीवघेणी जागा होती. ठरलेल्या मुदतीपर्यंत नव्हे, ठरलेल्या मृत्यूंपर्यंत. कुणी मेलंच नाही, तर औषधाने जगवलं की नशिबाने, ते कळणार कसं? म्हणून चाळीस मृत्यू झाले की पहिली पडताळणी, ऐंशीला दुसरी, एकशेवीसला निकाल. मध्येच डोकावून निकाल लावायला जवळपास बंदीच होती. नाणं उडवताना दर वेळी 'आता तरी छापा जास्त आलेत का' असं बघत बसलं, तर कधी ना कधी साधं नाणंही खोटं वाटायला लागतं. म्हणून मधल्या पडताळण्यांना कसोटी फार कडक ठेवलेली होती.

हे नियम लिहिणाऱ्यांत शलाका होती. त्याआधी मूत्रपिंडाच्या एका औषधाने देशात हाहाकार केला होता. कंपनीने नकोसे रुग्ण हिशेबातून वगळले, वीस प्रकारे आकडे फिरवून पाहिले आणि जो प्रकार शोभून दिसला तो छापला. माणसं डायलिसिसला लागली, गेली. तेव्हापासून माणसाच्या हातून निवाडा काढून घेतला गेला. तेव्हा शलाका न्यासाच्या सभेत ताठ मानेने म्हणाली होती, "दया ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही." टाळ्या पडल्या होत्या.

तेव्हा नितेशदादाला खोकला सुरू झाला नव्हता. तो शेडमध्ये मुकादम होता. आजार उघड झाला, तो चाचणीत दाखल झाला, तेव्हा शलाकाने न्यासाला कळवून पद सोडायला हवं होतं. उद्या कळवू, परवा कळवू असं करत तिने कळवलं नाही. निदान मी आत असेन, असं तिला वाटत राहिलं.

पडद्यावर आकडे आले. ऐंशी मृत्यू. विलयिनवाल्यांतला मृत्यूचा वेग भागिले मीठपाणीवाल्यांतला वेग: ०.६८. दोन्ही वेग सारखे असते तर हा आकडा एक आला असता. म्हणजे मीठपाण्याच्या गटात तिघे जातात तेवढ्यात विलयिनच्या गटात दोघे. शलाका पडद्याकडे सरकली. मग तिने खालची ओळ वाचली. पट्टा: ०.४४ ते १.०५.

ह्या पट्ट्यावर तिचं सारं आयुष्य गेलं होतं. शास्त्रात त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. खरा आकडा कुणालाच दिसत नाही, सहाशे माणसांवरून तो नुसता हुंगता येतो. मग म्हणायचं, ह्या रीतीने शंभर वेळा पट्टे आखले तर त्यातल्या पंचाण्णव पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. पट्टा पूर्ण एकाच्या अलीकडे पडला, तर औषध जगवतं असं म्हणायला जागा आहे. पट्ट्याच्या पोटात एक असला, तर 'औषध काहीच करत नाही' हे गृहीतक अजून मेलेलं नाही. ते आधी जिवंत धरायचं आणि पुराव्याने मारायचं, हा ह्या खेळाचा पहिला नियम.

१.०५. एकाच्या जेमतेम पलीकडे.

'चाचणी पुढे चालू,' निकषने लिहिलं. म्हणजे आणखी चाळीस माणसं मरेपर्यंत.

निघण्याआधी निरीक्षकाने रुग्णांच्या नोंदींवरून एकदा नजर फिरवायची असते. नावं नसतात. केंद्र, वय, आधीचे आजार एवढंच. धुळे केंद्र. पुरुष. सत्तेचाळीस. उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा लहानपणीच काढलेला. सहाशे माणसांत असा एकच होता. पाचवीत असताना शलाकाच त्याच्यासाठी इस्पितळात डबा न्यायची.

गट: मीठपाणी.

*

पुढच्या रविवारी ती धुळ्याला गेली. देवपुरातल्या घराच्या ओट्यावर नितेश बसला होता, पाठीमागे उशी, पुढे सुपात वाटाण्याच्या शेंगा. एक शेंग सोलायची, एक श्वास घ्यायचा, असं चाललं होतं.

"अगं, न कळवता?" तो म्हणाला. "मोनाली, शलू आलीय बघ. चहा टाक."

शलाका जवळ बसली. प्रवासभर तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"दादा, तू चाचणीतून बाहेर पड."

"का?"

"बाहेर पड आणि फुप्फुस बदलायच्या यादीत नाव घाल. चाचणीत असताना नाव घालता येत नाही. अजून तुझं वय बसतंय. पन्नाशीनंतर घेत नाहीत."

नितेशने हातातली शेंग सुपात ठेवली. तो मुकादम होता. कोण काय बोलत नाही, त्यावरून माणूस ओळखायची त्याला सवय होती.

"म्हणजे माझं पाणी आहे."

ती सुपातली एक शेंग उचलून सोलू लागली.

"शलू, तुला काही विचारत नाही मी कधी. एवढंच सांग. पाणी आहे ना?"

"हो."

दारात मोनालीवहिनी कपबशी घेऊन उभी होती. तिने बशी चौकटीवरच टेकवली. "दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "दीड वर्ष सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर बसून मी वाफ ओढायला लावतेय. नको म्हणाले तर ओरडतेय. पाणी?"

"वहिनी, अर्ध्या लोकांना ते द्यावंच लागतं. नाहीतर कळणारच नाही."

"कुणाला कळणार नाही?" मोनालीने विचारलं.

ह्या प्रश्नाला शलाकाकडे उत्तर होतं. पुढे येणाऱ्या माणसांना. उद्याच्या रुग्णांना. पण ते त्या ओट्यावर उच्चारायचं धैर्य तिला झालं नाही. कुणाला बोलू नका, असं दोघांकडून वचन घेऊन ती संध्याकाळच्या बसने परतली. आपण भावाचा जीव वाचवला, असं बसमध्ये तिला वाटलं, आणि खूप दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

*

भाऊबीजेला ती पुन्हा गेली, तेव्हा फाटक उघडायला नितेश स्वतः आला. जिना उतरून आला होता. तिला ओवाळणीच्या ताटाचंही भान राहिलं नाही.

"नाव घातलंस यादीत? काय म्हणाले?"

"नाही घातलं," तो म्हणाला. "बस आधी. फराळ घे."

मग त्याने सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कसलाही अपराध नव्हता, उलट घरात काही चांगलं झाल्यावर माणूस सांगतो तसा तो सांगत होता. आपलं पाणी आहे हे कळल्यावर त्याने आपल्या बाटलीतला थेंब जिभेवर ठेवून पाहिला. नुसतं खारट. वाफ ओढताना सगळ्यांचं सारखंच लागे, पण जिभेवर धरल्यावर युसूफभाईच्या बाटलीतलं मागून किंचित तुरट लागलं. युसूफ पिंजारी हा त्याचा शेडमधला जोडीदार, वीस वर्षं एकाच यंत्रावरचा. एक बाटली नक्की पाण्याची आहे हे कळलं की बाकीच्या ओळखायला कितीसा वेळ? आठवडाभरात धुळ्यातल्या सगळ्यांना आपापलं कळलं.

"युसूफ त्याच दिवशी बाटली घेऊन आला. म्हणाला, अर्धी तुझी. मी नको म्हटलं. तर म्हणाला, मुकादम, दळताना काच दोघांनी खाल्ली, आता औषध एकट्याने कसं ओढू?"

शलाकाच्या हातातला लाडू तसाच राहिला.

"सगळेच वाटून घेताहेत?"

"सगळे. भुसावळलाही कळवलं. सुरतेकडे आपलीच माणसं आहेत ना, त्यांनाही. कुणी तोंड उघडणार नाही. बघ की, मी जिना उतरतोय."

"दादा, थांबवा हे," ती म्हणाली. "आजच्या आज थांबवा. अर्धी मात्रा कुणालाच नीट पुरणार नाही. आणि दोन्ही गट सारखेच झाले तर फरक दिसणार कुठून? निकषला कुणी काय ओढलं ते कळत नाही. ज्याला जे नेमून दिलं, तेच त्याने घेतलं असं धरून तो हिशेब करतो. औषध काही करत नाही, असा निकाल लागेल."

"बरं. मग युसूफला काय सांगू? तुझी बाटली तूच ओढ, मी मरतो, म्हणजे हिशेब नीट लागेल?"

मोनाली मध्ये पडली. "ताई, सणाचा दिवस आहे. ओवाळा."

तिने ओवाळलं. नितेशने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला दम लागला नाही. हे औषधाने की आजाराच्या चढउताराने, हे एका माणसावरून सांगता येत नाही, असं ती आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. त्या क्षणी मात्र तिच्या मनात कसलाही पट्टा नव्हता. औषध चालत होतं.

न्यासाला कळवावं तर ह्या सगळ्यांना चाचणीतून काढलं जाईल, उरलीसुरली अर्धी मात्राही जाईल, आणि कुणी सांगितलं हा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबेल. न कळवावं तर निकाल दर दिवशी थोडाथोडा बिघडत जाईल. ती पुण्याला आली आणि न कळवणं तिने निवडलं. निवडलं म्हणण्यापेक्षा, दर सकाळी उठून आज नको म्हणत राहिली.

थंडीत युसूफभाई गेला. फोनवर नितेश फक्त एवढंच म्हणाला, "आपला युसूफ." शलाकाच्या डोक्यात मात्र एक आकडा आपोआप एकाने वाढला, आणि त्या आपोआपपणाची तिला शिसारी आली.

*

एकशेविसावा मृत्यू उन्हाळ्यात झाला. शलाका पुन्हा त्या खोलीत बसली.

पडद्यावर दोन रेषा होत्या, दोन्ही गटांत किती माणसं उरली ते दाखवणाऱ्या. दुसऱ्या पडताळणीपर्यंत त्या रस्त्याला फाटा फुटावा तशा एकमेकींपासून दूर जात होत्या. तिथून पुढे त्या रुळांसारख्या समांतर होत्या. तो वाकण्याचा बिंदू कोणत्या आठवड्यातला आहे, हे जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती ओट्यावर वाटाण्यांशेजारी बसली होती, त्या रविवारच्या नंतरचा.

०.७७. पट्टा: ०.५४ ते १.१०. पी-व्हॅल्यू ०.१५. म्हणजे औषध काहीच करत नसतं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पंधरा वेळा दिसला असता. हद्द पाचाची होती.

'परिणाम सिद्ध झाला नाही.'

तिने कागद ओढला आणि हाताने गणित केलं. दोन्ही रेषा आधीसारख्याच दूर जात राहिल्या असत्या तर? आकडा ०.६८ राहिला असता. मृत्यू वाढले की पट्टा अरुंद होतो. ०.४८ ते ०.९७. सगळा पट्टा एकाच्या अलीकडे.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत मथळा होता: 'विलयिन निरुपयोगी.' सिद्ध न होणं आणि निरुपयोगी असणं ह्यांतलं अंतर शिकवण्यात तिने वीस वर्षं घालवली होती. ते अंतर मथळ्यात मावत नव्हतं. कंपनीने त्याच आठवड्यात उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. थोड्या, गरीब रोग्यांचा आजार. कंपनीला निमित्तच हवं होतं.

न्यासाचे अध्यक्ष डॉ. तारानाथ हट्टंगडी म्हणजे सज्जन माणूस. शलाकाला त्यांनीच घडवलं होतं. तिने दोन रेषांचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, दुसऱ्या पडताळणीनंतरची आकडेवारी दूषित आहे. रुग्ण औषध वाटून घेत होते. पहिल्या ऐंशी मृत्यूंचा भाग वेगळा धरून नवी चाचणी मागू या."

हट्टंगडींनी आलेख बराच वेळ पाहिला. "शक्य आहे," ते म्हणाले. "पण त्यांना कळलं कसं, कोणाकडे काय आहे ते?"

इथवर येणार हे तिला माहीत होतं. औषधाला वाचवणारं स्पष्टीकरण एकच होतं.

"मी सांगितलं. माझा भाऊ आहे त्यात. तो मीठपाण्यावर होता."

हट्टंगडींनी चष्मा काढला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त थकलेले दिसले.

"कधी सांगितलंस?"

"दुसऱ्या पडताळणीनंतर."

"हे तू म्हणतेस. आधी नाही, हे कशावरून? पहिल्यापासून तुझा भाऊ आत होता आणि तू लपवलंस. उद्या कुणीही विचारेल, पहिले ऐंशी तरी स्वच्छ कशावरून? मी काय उत्तर देऊ, शलाका? तुझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणू?"

"मी खरं सांगतेय, सर."

"मला माहीत आहे. म्हणून काय झालं? नियम तूच लिहिलास." ते उठून खिडकीशी गेले. "आणि नवी चाचणी कुणावर? ज्यांनी कधी विलयिन घेतलंच नाही असे किती उरलेत?"

तिने मनात मोजायचा प्रयत्न केला. पट्टा एकाच्या अलीकडे आणायला किती माणसं लागतील, आणि असे किती शिल्लक आहेत. पहिला आकडा दुसऱ्याहून कितीतरी मोठा होता. शेड आता बंद झाल्या होत्या. नवे रुग्ण येणार नव्हते, आणि जुन्यांवर आता काहीही सिद्ध होण्यासारखं राहिलं नव्हतं.

तिचं पद त्याच दिवशी गेलं. पहिल्या ऐंशींचे आकडेही अविश्वसनीय ठरवून बाजूला टाकण्यात आले. तिने तोंड उघडलं नसतं, तर निदान तेवढे उरले असते.

*

ती धुळ्याला राहायला गेली. नितेश आता ओट्यावर बसत नव्हता. आतल्या खोलीत कॉटवर, नाकाला नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत. यादीत नाव घालायला मोनाली त्याला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी तपासून मान हलवली. आता शस्त्रक्रिया सोसणार नाही, म्हणाले.

एका दुपारी युसूफभाईची बायको शमीमभाभी आली. कॉटजवळ खुर्ची ओढून बसली. नितेशची विचारपूस केली, मोनालीने दिलेलं सरबत तिने हातात धरलं, पण प्यायली नाही.

"ताई, तुम्ही त्यातल्या जाणकार," ती शलाकाला म्हणाली. "एक विचारू? पेपरात आलंय, औषधात काही नव्हतं म्हणून. आमच्याकडचे लोक म्हणतात, होतं. म्हणतात, ह्यांनी अर्धं दिलं नसतं तर हे असते." तिने नितेशकडे पाहिलं नाही. "मला फक्त खरं काय ते सांगा. मी कुणाला दोष देणार नाही."

यंत्र घरघरत राहिलं. मोनाली भिंतीला टेकून उभी होती. शलाकाला खरं काय ते माहीत नव्हतं. सहाशे माणसांबद्दल ती थोडंफार सांगू शकली असती. एका युसूफबद्दल काहीच नाही. पूर्ण मात्रा घेऊनही तो गेला असता, किंवा आत्ता ह्या खुर्चीवर बसला असता. हेच प्रामाणिक उत्तर होतं. ते ऐकून ही बाई उरलेलं आयुष्य त्या दोहोंच्या मध्ये हेलकावे खात काढणार होती.

"नाही, भाभी," शलाका म्हणाली. "औषधात काही नव्हतं. युसूफभाईंनी सगळी बाटली घेतली असती, तरी काही फरक पडला नसता."

"पक्कं?"

"पक्कं."

असा शब्द तिने निकालाबद्दल आयुष्यात कधी वापरला नव्हता.

शमीमभाभीने डोळे मिटले. मग सरबत एका दमात पिऊन पेला खाली ठेवला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मी रात्रंदिवस तेच घेऊन बसले होते." जाताना तिने नितेशच्या पायांवरची चादर सारखी केली, आणि मोनाली तिला पोचवायला फाटकापर्यंत गेली.

खोलीत दोघंच उरली. नितेश छताकडे बघत होता. बोलण्याआधी त्याला दोन-तीन श्वास गोळा करावे लागले.

"तिला खरं सांगितलंस का, शलू?"

शलाका काही बोलली नाही. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोण काय बोलत नाही, ते त्याला अजूनही कळत होतं.

"मग मलाही सांग," तो म्हणाला. "तेच. तसंच."

तिने त्याचा हात हातात घेतला. बोटं गार होती.

"औषधात काही नव्हतं, दादा."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," नितेश म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.